आजोबांसाठी घरी केलेलं लाकडी घड्याळ आणि त्यातली दोन मशीन: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आजोबांना भेट द्यायला घरीच लाकडी घड्याळ केलं आणि त्यासाठी क्वार्ट्झ मशीनचं किट मागवलं. आधी आवाज न करणारं मागवलं, मग टिकटिक करणारं. सहा महिने होत आले, दोन्ही अजून चालू आहेत, म्हणून आता सविस्तर लिहितेय. मागवायच्या आधी मी बसून पन्नासेक रिव्ह्यू वाचले होते आणि सगळीकडे "मस्त आहे", "पॅकिंग छान", "लवकर आलं" एवढंच, पण आटे किती लांब आहेत, काटे घट्ट बसतात का, आवाज खरंच येत नाही का, हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण या प्रकारची किट सगळीकडे जवळपास सारखीच असतात आणि मला आलेल्या अडचणी कुठलंही किट घेतलं तरी येऊ शकतात.

आधी सांगते की आजोबांच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे, त्यामुळे समोर बघितलं की मधलं धूसर आणि कडेचं बऱ्यापैकी स्पष्ट असं त्यांना दिसतं. बाजारातली घड्याळं म्हणजे चकचकीत काच, बारीक काटे, त्यावर खिडकीचा उजेड पडला की आम्हालाच दिसत नाही तर त्यांना काय दिसणार. दिवसातून दहा वेळा "किती वाजले गं" विचारायचे आणि विचारताना त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं ते मला बघवायचं नाही. म्हणून ठरवलं की काच नाही, गडद लाकूड, त्यावर पांढरे जाड काटे आणि मोठे आकडे, असं आपणच करायचं.

किटमध्ये काय येतं ते सांगते. काळ्या प्लॅस्टिकची चौकोनी डबी, ५६ मिमी बाय ५६ मिमी, जाडी १६ मिमीच्या आसपास, एका पेन्सिल सेलवर चालते. हे ५६ मिमीचं माप बहुतेक कंपन्यांचं सारखंच असतं आणि त्याचा मला पुढे केवढा फायदा झाला ते सांगतेच. डबीच्या मधून शाफ्ट, म्हणजे काटे बसवायचा दांडा, बाहेर येतो, त्याच्यावर पितळी आटे. सोबत तीन काटे, काळं रबरी वॉशर, पितळी वॉशर, षटकोनी नट, मिनिटकाट्यावर बसणारा अगदी बारीक नट आणि भिंतीवर अडकवायला पत्र्याची कडी. माहितीपत्रक आहे पण त्यात चार छोटी चित्रं, अक्षर एवढं बारीक की भिंग घेऊन वाचलं. लिहिणाऱ्याने जरा कष्ट घेतले असते तर माझे दोन दिवस वाचले असते असं खरंच वाटतं.

कारण सगळ्यात मोठी अडचण झाली ती आट्यांची. घड्याळ करणाऱ्या प्रत्येकाने मागवायच्या आधी ही एकच गोष्ट नीट बघितली तरी निम्मं काम झालं. वर्णनात लिहिलं होतं "शाफ्ट २० मिमी". माझी फळी १८ मिमी जाड. म्हटलं चला, वीसातून अठरा गेले, दोन मिमी बाहेर राहतंय, बसेल. हातात आल्यावर पट्टी लावली तेव्हा कळलं की ते २० मिमी म्हणजे डबीपासून सेकंदकाट्याच्या पिनच्या टोकापर्यंतची सगळी लांबी, आणि त्यातले आटे फक्त १३ मिमी. लाकडातून आरपार जाऊन नट बसायचा असतो तो आट्यांवर! म्हणजे १३ मधून रबर, पितळी वॉशर आणि नट मिळून साडेतीन-चार मिमी जातात, राहिले ९. शाफ्ट जिथून जातो तिथे लाकूड ९ मिमीपेक्षा जाड असून चालणारच नाही. लांब आट्यांची मशीनही मिळतात, पण वर्णनात दोन्ही लांब्या वेगवेगळ्या दिलेल्या असतील तरच घ्या, आणि दिलेल्या नसतील तर विचारून घ्या. विक्रेत्याला मी मेसेज केला होता तेव्हा उत्तर आलं की "शाफ्ट २० मिमीच आहे मॅडम". बरोबरच आहे, पण माझा प्रश्न तो नव्हता.

परत पाठवायचं म्हटलं तर आणखी आठ-दहा दिवस गेले असते आणि आजोबांचा वाढदिवस तोंडावर आलेला. म्हणून फळीच्या मागून खाच पाडली, आणि आता वाटतं की फळी जाड असेल तर असंच करावं, कारण मशीन आत बसलं की घड्याळ भिंतीला जवळजवळ चिकटून राहतं. करताना क्रम महत्त्वाचा आहे हं. आधी समोरच्या बाजूने मध्य काढायचा, कंपासने वर्तुळ काढायचं आणि बाराही खुणा करून घ्यायच्या, त्यानंतरच मधे भोक पाडायचं, नाहीतर कंपासचं टोक टेकवायला मध्यच उरत नाही. माझ्या शाफ्टला ८ मिमीचं भोक लागलं, काही मशीनना १० मिमी लागतं, तर आधी मोजा. भोक पाडताना खाली एक टाकाऊ लाकूड घट्ट दाबून धरा म्हणजे ड्रिल बाहेर पडताना लाकूड उचकटत नाही.

खाच मी डबीपेक्षा मोठी ठेवली, ६२ मिमी रुंद आणि सेलच्या बाजूला चांगली ७२ मिमी लांब. सेल बदलताना बोट आत जायला नको का! ड्रिलच्या पात्याला ९ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं, आणि चौकोनभर जवळजवळ भोकं पाडली, मग उरलेलं पटाशीने काढलं. पटाशी आधी कडेच्या रेघेवर उभी धरून हलके ठोके द्यायचे, रेघ पक्की झाली की मग तिरकी धरून आतलं लाकूड सोलायचं. घाई केली की रेषांच्या दिशेने ढलपा निघतो आणि तो खाचेच्या बाहेर जातो. माझा एक गेला, मागच्या बाजूला होता म्हणून चाललं, लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. शेवटी खोली सगळीकडे सारखी आहे का ते बघायला खाचेवर आडवी पट्टी ठेवून तिच्याखालून खिळा उभा धरून मोजत होते. मधे जरासा जरी उंचवटा राहिला तर डबी तिरकी बसते, आणि डबी तिरकी म्हणजे शाफ्ट तिरका, आणि मग काटे एका बाजूला लाकडाला घासतात.

लाकडाबद्दलही थोडं सांगते कारण तिथेही माझी एक फळी, म्हणजे फळी नाही, ओंडक्याची चकती वाया गेली. झाडाचा ओंडका आडवा कापलेली सालीसकटची गोल चकती फोटोत फार सुंदर दिसते, वर्षांची वलयं वगैरे. मी अशीच एक ताजी चकती आणून घासून ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात सालीपासून मध्यापर्यंत सरळ तडा. नंतर कळलं की यात कोणाचीच चूक नसते, लाकडाचा स्वभावच तो, वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते मध्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. मग त्या ताणाला कुठेतरी वाट हवीच असते. चकतीच हवी असेल तर चांगली मुरलेली, पूर्ण वाळलेली घ्या. मी शेवटी घरातल्या मोडलेल्या कपाटाची जुनी सागवानी फळी घेतली, वर्षानुवर्षं वाळलेली, जे काय वाकायचं ते आधीच वाकून झालेलं. गोल कापायला मशीन नव्हतं म्हणून चौकोनाचे कोपरे करवतीने कापून आठकोन, आठकोनाचे कापून सोळाकोन, मग कानस आणि पॉलिश पेपर. व्यास २८ सेंमी ठेवला. वेळ लागतो पण होतं, आणि कडेला हात फिरवला की कुठे कोपरा लागत नाही तेव्हा जे वाटतं ना, ते विकत आणलेल्या वस्तूत नाही मिळत.

बारा खुणा करायला कोनमापक वगैरे काही लागत नाही. वर्तुळ काढलं तेवढाच कंपास उघडा ठेवायचा, १२ च्या जागेवरून सुरू करून परिघावर एकापुढे एक खुणा करत जायचं, बरोबर सहा खुणांमध्ये परत सुरुवातीला येतो, शाळेत फुलं काढायचो तसंच. मग दोन खुणांच्या मधोमध एकेक की झाले बारा. १२, ३, ६, ९ हे चार आकडे मी मोठे देवनागरीत काढले आणि बाकी आठ जागी ठसठशीत गोल ठिपके. सगळे आकडे काढले असते तर गर्दी झाली असती, आणि आजोबा आकडा वाचत नाहीत, काटा कुठल्या दिशेला आहे ते बघतात.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून, मग १२०, मग २२०, कायम रेषांच्या दिशेने. शेवटच्या आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात ते परत २२० ने काढा, नाहीतर तेल लावल्यावर खरखरीत लागतं. मी जवसाचं तेल लावलं, दोन हात, आणि मधे भरपूर वाळू दिलं. तेलाने सागवान असं काही गडद होतं की त्यावर पांढरा ऑइल पेंट लांबूनही उठून दिसतो. एक गोष्ट मात्र अगदी मनापासून सांगते, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, फडक्याच्या घडीत ती उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, काही लागत नाही. फडकी उलगडून बाहेर दोरीवर वाळत घाला, कडक झाली की मग टाका.

आता काटे. किटमधले काटे काळे होते, पत्रा पातळ, मिनिटकाटा ११ सेंमी, आणि पॅकिंगमध्ये सेकंदकाटा किंचित वाकलेला आला. हाताने सरळ झाला, पण नाजूक वस्तूला निदान एक पुठ्ठा तरी घालायला हवा होता. गडद लाकडावर काळे काटे म्हणजे काहीच दिसणार नाही, म्हणून पांढरे रंगवले. रंग अगदी पातळ द्या, आणि भोकात रंग जाऊ देऊ नका! तासकाट्याचं भोक गोल असतं, मिनिटकाट्याचं दोन्ही बाजूंनी चपटं, त्यात रंगाचा एक थेंब जरी गेला तरी काटा बसत नाही, मग आपण जोर लावतो आणि तो जोर मशीनवर येतो. मी भोकात टूथपिक खोचून रंगवले, वाळवायलाही तीच टूथपिक थर्माकोलमध्ये उभी केली.

बसवताना सेल काढून ठेवा. तासकाटा आधी, नुसता दाबून बसतो, पण खाली पार नटाला टेकेपर्यंत दाबू नका, एक कागद सरकेल एवढी जागा राहू द्या. मग मिनिटकाटा, त्यावर बारीक नट, बोटाने लागेल एवढाच घट्ट. मिनिटकाटा बरोबर १२ वर ठेवून तासकाटा बरोबर आकड्यावर सरकवून घ्या, नाहीतर साडेतीन वाजलेले असताना तासकाटा तीनच्या अलीकडे असा काहीतरी घोळ कायमचा राहतो. सेकंदकाटा शेवटी. वेळ मागच्या चाकानेच लावायची, काटे ढकलून नाही. माझ्या पहिल्या किटमध्ये तासकाटा सैल होता, सकाळी नीट असायचा आणि दुपारी बघावं तर आपल्या वजनाने ६ कडे लोंबलेला. भोकाच्या मागे नळीसारखी छोटी कड असते, ती पकडीने जराशी, म्हणजे खरंच जराशीच, दाबली आणि परत बसवला तेव्हा घट्ट झाला. दुसऱ्या किटमध्ये हा त्रास नव्हता, तर प्रत्येक नगावर अवलंबून असावं.

मशीनच्या आत काय चालतं ते वाचल्यापासून मला या साध्या प्लॅस्टिकच्या डबीबद्दल फार आदर वाटायला लागलाय. आत क्वार्ट्झचा इवलासा तुकडा असतो, दोन पायांच्या चिमट्यासारखा कापलेला, आणि विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा का, तर १ ला पंधरा वेळा दुप्पट केलं की तो येतो, म्हणजे २ चा पंधरावा घात. एकदा निम्मा केला, परत निम्मा, असं पंधरा वेळा केलं की बरोबर १ उरतो, सेकंदाला एक ठोका! तो ठोका एका छोट्या मोटरला मिळतो, ती अर्धा फेरा फिरते, आणि तीच आपली टिक. क्वार्ट्झवर चालणारं पहिलं घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये केलं होतं, तेव्हा ते कपाटाएवढं असायचं, आणि मनगटावर यायला १९६९ साल उजाडलं, सेइको कंपनीचं ॲस्ट्रॉन. आज तीच युक्ती आपल्या फळीच्या मागच्या खाचेत बसते. आवाज न करणाऱ्या मशीनमध्ये मोटरला सेकंदाला एकच मोठं पाऊल टाकायच्या ऐवजी खूप बारीक बारीक पावलं टाकायला लावतात, त्यामुळे सेकंदकाटा पाण्यावरून सरकल्यासारखा सलग जातो. दिसायला फारच सुंदर, पण सेल जास्त खातं.

वेळेच्या बाबतीत दोन्ही मशीनना पूर्ण मार्क. मी मोबाईलच्या घड्याळाशी लावून ठेवलं होतं, टिकटिकवालं ३० दिवसांत ९ सेकंद पुढे गेलं, सायलेंट ४ सेकंद मागे. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक या मशीनमध्ये धरूनच चालायचा, त्यामानाने हे उत्तमच. फक्त खूप ऊन येणाऱ्या खिडकीजवळ किंवा गॅसच्या वर लावू नका, तो क्वार्ट्झचा चिमटा साधारण २५ अंशाला सगळ्यात अचूक असतो आणि फार गरम झालं काय किंवा फार थंड झालं काय, दोन्हीकडे घड्याळ मागेच पडतं. सेल साधा चांगल्या कंपनीचा घाला. चार्ज होणारे सेल बहुतेक १.२ व्होल्टचे असतात, मशीनला १.५ हवे. आणि सेकंदकाटा ९ च्या आसपास जागच्या जागी फडफडायला लागला की मशीन बिघडलं समजू नका, तिथे काट्याला चढ चढायचा असतो आणि सेल थकलेला असतो, सेल बदला. संपलेला सेल मात्र आत विसरू नका, गळला तर पत्ती खराब होते.

एक गोष्ट आवडली नाही ती म्हणजे लटकवायची कडी. ती मशीन आणि लाकडाच्या मधे अडकवायची असते, म्हणजे सगळं वजन त्या शाफ्टवर. पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायवूडची डायल असेल तर ठीक आहे, पण माझी सागवानी फळी पाऊण किलोच्या आसपास. मी कडी वापरलीच नाही, लाकडाला वरच्या बाजूला वेगळा हूक दोन स्क्रूंनी बसवला. शिवाय डबी १६ मिमीची आणि खाच ९ ची, म्हणजे ७ मिमी मागे बाहेर राहतेच, म्हणून खाली दोन बाजूंना १० मिमीचे लाकडी तुकडे चिकटवले, घड्याळ भिंतीवर सरळ राहतं आणि कधी धक्का लागला तरी डबीवर येत नाही.

वाढदिवसाला दिलं तेव्हा त्यात सायलेंट मशीन होतं. मुद्दाम तेच घेतलं होतं, आजोबांची झोप सावध, रात्री टिकटिकीने जाग यायला नको म्हणून. त्यांनी घड्याळ मांडीवर घेतलं, कडेने हात फिरवला, मागच्या खाचेत बोट घालून बघितलं, "पटाशी कोणी चालवली?" म्हणाले. मी म्हटलं मीच. काही बोलले नाहीत पण परत एकदा बोट फिरवलं. पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं आणि पहिल्यांदा त्यांनी न विचारता "सव्वाचार" म्हटलं तेव्हा आईला इकडे स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि ती बाहेर आली बघायला.

पण आठवड्याभरात ते परत विचारायला लागले. आता "किती वाजले" नाही, "अगं, हे चालू आहे ना?" दिवसातून चार-पाचदा. मी आपली दर वेळी "हो आजोबा, चालू आहे" म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला विचारावंसं वाटलं की असं का वाटतं तुम्हाला. तर म्हणाले, "सेकंदाचा काटा मला दिसत नाही. आणि हे बोलत पण नाही. मग मला कसं कळणार? रात्री तीनला जाग आली, तीन दिसले, पण तीनच वाजलेत की तीनला बंद पडलंय?" त्यांच्या जुन्या घरात भिंतीवर किल्लीचं घड्याळ होतं, त्याचा आवाज बंद झाला की झोपेतूनही कळायचं म्हणे. मला हे सुचलंच नव्हतं. शांतता त्यांना हवी असेल असं मी माझ्या झोपेवरून ठरवलं होतं.

लगेच टिकटिकवालं किट मागवलं, या वेळी आट्यांची लांबी लेखी विचारून. आणि इथे ते ५६ मिमीचं माप कामाला आलं, त्याच खाचेत दुसरं मशीन जसंच्या तसं बसलं. काटेही आधीचेच चालले, पांढरे रंगवलेले. तासकाटा, मिनिटकाटा काढायचे, नट सोडवायचा, डबी बदलायची, परत सगळं उलट क्रमाने, वीस मिनिटांचं काम. फक्त काट्यांची भोकं दोन्ही शाफ्टना जुळतात का ते आधी बघा, सगळे शाफ्ट सारखे नसतात. आवाजासाठी मी एकच बदल केला, मधलं रबरी वॉशर काढून टाकलं. ते रबर मशीनची थरथर लाकडापर्यंत पोचू देत नाही, म्हणून ज्यांना टिकटिक नको त्यांनी ते नक्की घाला. ते काढल्यावर मागचं ९ मिमीचं पातळ लाकूड आणि डबी एकमेकांना थेट टेकली आणि आवाज एकदम बदलला, आधीची प्लॅस्टिकची टकटक जाऊन जरा खोल, लाकडी टिक ऐकू यायला लागली. रबर नसेल तर नट नीट कसा, नाहीतर डबी हळूहळू फिरते.

त्या रात्री आजोबा झोपतील की नाही याची मलाच काळजी होती. सकाळी विचारलं तर म्हणाले, "दोनदा जाग आली, ऐकलं, परत झोपलो."

काच नाही त्याचा एक तोटा, धूळ बसते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने, काट्यांना न ढकलता झटकावं लागतं. लहान मुलं असतील त्या घरात उंचावर लावा, उघडे काटे बघितले की मुलांचा हात जातोच.

तर कोणी घ्यावं? झोपायच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, आवाजाचा त्रास होणाऱ्या माणसाला द्यायचं असेल तर सायलेंट, डोळे मिटून घ्या, खरंच आवाज येत नाही, मी कान लावून ऐकलंय, अगदी बारीक घरघर येते ती सुद्धा कान टेकवल्यावर. ज्यांना कमी दिसतं, किंवा ज्यांचं आयुष्य घड्याळाच्या आवाजात गेलंय, त्यांना टिकटिकवालं द्या, आणि शक्य असेल तर आधी त्यांनाच विचारा. मशीनना माझे पाचपैकी साडेचार. वर्णनाला आणि माहितीपत्रकाला दोन, तेसुद्धा विक्रेत्याने दुसऱ्या वेळी आटे मोजून फोटो पाठवला म्हणून.

काढलेलं सायलेंट मशीन तेव्हापासून माझ्या टेबलावर एका पुठ्ठ्यात खोचलेलं चालू आहे, एकदाही थांबलं नाही. आता ते ताईच्या बाळाच्या खोलीसाठी घेतेय. फळी कापून झालीये, या वेळी १२ मिमीची आहे, मागून ३ मिमी खरवडली की झालं. रबर घालणार आहे.